फ्राउ लेक्नरना दिलेलं आमंत्रण

श्यामकांत गद्रे माणूस हुशार, पण उत्साहाच्या भरात मागचंपुढचं पाहायचा नाही. गार्चिंगच्या नव्या जर्मन अणुभट्टीवर तो डॉक्टरेट करत होता. १९५९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर बॉनला येऊन गेले, तेव्हा त्यांच्या लष्करी कारकिर्दीवर बोलायला विद्यार्थी मंडळाने त्यालाच सांगितलं. स्वारी खूश. घरी आल्याआल्या त्याने घरमालकीण फ्राउ लेक्नर यांच्या तळहातावर चमचाभर साखर ठेवली, विषय सांगितला आणि पुण्यात वडीलधाऱ्यांना करतात तसा आग्रह केला, की तुम्ही पहिल्या रांगेतच बसायचं. बाई साखर मुठीत धरून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने सांगितलं. बाईंचा एकुलता एक मुलगा नॉर्मंडीत मारला गेला होता, १९४४ साली, याच आयझेनहॉवरच्या फौजांशी लढताना.

आपण काय करून बसलो ते श्यामकांतला कळलं. परदेशी माणसाला खोली देणारी ही एकच बाई त्याला भेटली होती. दिवाळीआधी वसुधा पुण्याहून यायची होती, आणि बायकोलाही ठेवून घ्यायला बाई कबूल झाल्या होत्या. आता त्या जागा सोडायला सांगतील, अशी त्याला धास्ती पडली. माफी मागायला दोनदा दारापर्यंत गेला नि परत फिरला. शेवटी नॉर्मंडी गाळूनच टाकायची ठरवली. अफझलखान वगळून शिवाजी महाराज सांगण्यातला हा प्रकार!

बाई आल्या, पहिल्या रांगेतच बसल्या. पहिल्या महायुद्धात आघाडीवर जायलाच न मिळालेला, पुढे सोळा वर्षं मेजरच राहिलेला माणूस सरसेनापती झाला, इथवर ठीक चाललं. मग १९४४ आलं आणि श्यामकांतने पहिल्या रांगेकडे पाहिलं. बाई त्याच्याकडेच बघत होत्या. त्यांच्यासमोर ते वर्ष वगळणं त्याला जमेना. विजयाचं तो काही बोलला नाही. नॉर्मंडीवरच्या हल्ल्याआधी जनरलने एक चिठ्ठी लिहून ठेवली होती, मोहीम फसली तर दोष सैनिकांचा नाही, फक्त माझा. एवढंच सांगून तो खाली बसला.

बाई बाहेर पायऱ्यांशी थांबल्या होत्या. खोली गेली असं धरूनच तो पुढे झाला.

"गद्रे महाशय, तुम्ही पुष्कळ वाचलंय. आमच्या जनरलांपैकी कुणी अशी चिठ्ठी लिहिली होती का?"

त्याला एकही आठवली नाही. त्याने तसं सांगितलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि मी पंधरा वर्षं राग धरला तो आमच्यांवर नाही, त्या परक्या माणसावर." त्यांनी त्याचा दंड घट्ट धरला. डोळे भरून आल्यामुळे त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या.