अल्बममधलं एकच सपाट कार्ड

आजही ती केस आठवली की माझं रक्त तापतं! दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी चेन्नईत वेलचेरीच्या बाजूला एका पोलीस स्टेशनात, हवालदाराचा बढतीने झालेला नवाकोरा सब-इन्स्पेक्टर. आम्ही तंजावरचे मराठी, पण स्टेशनात सगळा कारभार तमिळमध्ये. इथे आपल्या मराठीत सांगतोय.

एक दिवस कॉम्प्युटर कंपनीतली मुलगी तक्रार द्यायला आली. काय चोरीला गेलं? एक कार्ड! राक्षस-जादूगारांच्या खेळातलं, चमचमत्या फॉइलचं, सहसा न मिळणारं. तक्रारी लिहून घेणारा आमचा रायटर फिदीफिदी हसला.

"हसा सार," ती म्हणाली. "किती वर्षं शोधत होते मी ते. इथल्या दमट हवेत फॉइल पापडासारखं वळतं, म्हणून प्लास्टिकमध्ये घालून तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं."

सोबत तिच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी. "कामवालीच आहे सार, आत टाका!"

तिला आणलंच होतं धरून. इन्स्पेक्टर साहेब मला म्हणाले, "दोन ठेवून दे, कबूल होईल. सूर्यास्ताच्या आत अटक दाखव." अंधार पडला की बाईला अटक करता येत नाही ना, म्हणून ही घाई!

मी त्या कामवाल्या अम्मांना बाकावर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "डब्यात हात कोण घालतं?"

"मीच, रोज. चोरायचंच असतं तर तांदूळ नेला असता सार. ती चमकी काय शिजवून खाऊ?"

जबाब घेतला आणि घरी सोडलं. साहेब खवळले. खवळू देत!

ही कार्डं खेळणारी पोरं रविवारी एका खेळण्यांच्या दुकानात जमायची. त्या दुकानदाराला सांगून ठेवलं होतं. त्याचा फोन आला, "सार, एकजण तसलं कार्ड मिरवतोय." साध्या कपड्यांत गेलो. बघतो तर मुलीच्याच ऑफिसातला मित्र, तिच्या घरी खेळायला येणारा.

"माझंच आहे सार. दोन वर्षं याच अल्बममध्ये आहे."

मी अल्बम उलटला. एकूण एक फॉइल वळलेलं! हे एकच ताठ.

"तुझे सगळे पापड झाले, मग हेच कसं रे सपाट?"

पोरगं घामाघूम. "सगळं तिलाच मिळतं सार," एवढंच पुटपुटलं. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त.

मुलगी अम्मांकडे गेली, रडली, उद्यापासून या म्हणाली. अम्मा म्हणाल्या, "आधी सेक्रेटरी सारांनी लिफ्टपाशी, सगळ्यांसमोर सांगायचं, मी चोर नाही. मग भांडी."

सेक्रेटरी माझ्याकडे धावत आले, "सार, तुम्ही समजवा तिला." मी समजावलं, सेक्रेटरींना! लिफ्टपाशी उभं राहून बोलावं लागलं त्यांना. मीही गेलो होतो ऐकायला, मुद्दाम, युनिफॉर्ममध्ये.

माझी बदली झाली. झाली तर झाली! त्या केसने एक शिकवलं. घरात काही हरवलं की जमिनीवर बसून जेवणाऱ्या माणसाकडे आधी बोट जातं. तेव्हापासून मी आधी खुर्चीत बसलेल्यांचे जबाब घ्यायला लागलो. निवृत्त होईपर्यंत घेतले, मेमो खाल्ले, आणि आज पुन्हा वर्दी दिलीत तरी तेच करीन!