आवडीच्या गाण्यांचा नकाशा

मावळातल्या वलवणची रुपाली पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरूनच प्रोग्रॅमिंग करते. काही वर्षांपूर्वी फावल्या वेळात तिने स्वतःचं एक वेब ॲप बनवायला घेतलं. माणसाने आवडती गाणी सांगायची आणि ॲपने त्यावरून त्याची सहल आखून द्यायची. कव्वाली आवडणाऱ्याला दर्गे, नाट्यसंगीत आवडणाऱ्याला जुनी नाट्यगृहं, असा तिचा हिशेब होता.

तिचे वडील निवृत्ती एके काळी भीमगीतांच्या गायन पार्टीत मुख्य गायक; बरीच गाणीही त्यांनीच बांधलेली. जयंतीच्या दिवसांत मावळात त्यांचे कार्यक्रम सकाळपर्यंत चालत. घशाच्या ऑपरेशननंतर मात्र आवाज गेला, उरली ती घोगरी कुजबूज. तेव्हापासून घरात कुणी गाणं लावलं की ते उठून अंगणात जायचे.

ॲप तपासायचं म्हणून रुपालीने एकदा वडिलांचीच आवड त्यात भरली. उत्तर आलं तलावाकाठच्या एका रिसॉर्टचं, जेवणासोबत लोकसंगीत. तिने हसत हसत ते त्यांना दाखवलं.

"तितं गानार कोन?" त्यांनी विचारलं.

ॲपला गाणी ठाऊक होती, जागा ठाऊक होत्या. गाणारी माणसंच त्यात नव्हती.

मग तिने गायन पार्ट्या, भजनी मंडळं, शाहीर यांना फोन करून कार्यक्रमांच्या तारखा गोळा करायला सुरुवात केली. अनेकदा फोन लागायचा तो गाणं सोडलेल्या माणसाला. निवृत्ती आधी लांबूनच ऐकत. पुढे शेजारी येऊन बसू लागले, जुन्या साथीदारांची गावं आठवून सांगू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात तिने त्यांची आवड पुन्हा भरली. या वेळी ॲपने पवनेकाठच्या एका गावात अपेक्षा नावाच्या तरुण गायिकेचा कार्यक्रम सुचवला. निवृत्तींनी नको म्हटलं. पण कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार होते.

ते मागच्या रांगेत बसले. अपेक्षाने मध्येच एक गाणं घेतलं आणि रुपाली चमकली. शब्द वडिलांचे, चालही त्यांचीच. अपेक्षाचे वडील निवृत्तींच्या पार्टीत कोरसला असायचे. तिने ते गाणं घरीच उचललं होतं. हे गाणं बांधणारा समोर बसलाय, हे तिला माहीत नव्हतं. रुपाली सांगायला उठली, तसा निवृत्तींनी तिचा हात धरला.

"थांब. गाऊ दे तिला."

अंतऱ्यात एका ओळीची चाल तिने बदलली होती. वडिलांना ते खटकलं असणार, असं रुपालीला वाटलं. परतताना कामशेत मागे पडलं. तेव्हा ते म्हणाले, "तितं माझा दम पुरायचा न्हाई, म्हनून मी सूर खाली घ्यायचो. ती वर गेली. गान्याला तेच पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी, अपेक्षाला फोन लाव, असं त्यांनी स्वतःच रुपालीला सांगितलं.

ॲप काही फार मोठं झालं नाही. हॉटेलांच्या जाहिराती घे, असं एकाने सुचवलं होतं. रुपालीने अजून ठरवलेलं नाही. तरी कधी नगरहून, कधी नाशिकहून कुणीतरी मावळातल्या एखाद्या गावात गाणं ऐकायला येतं आणि फोन करून गायकालाच रस्ता विचारतं. निवृत्ती हल्ली पेटीवर नव्या चाली बांधतात. अपेक्षा रविवारी वलवणला येते. त्यांना जे गाऊन दाखवता येत नाही, ते पेटीवर बोटांनी दाखवतात, आणि ती गाऊन बघते.