फुकटचं ॲप आणि पहिलीचा वर्ग

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. आमच्या हेडमास्तरांनी मला नेमकं तेच काम दिलं. देणगीत आलेल्या टॅबवर फुकटची शैक्षणिक ॲप्स टाकून पाहायची आणि वर्गासाठी त्यातलं एक निवडायचं. घाई होती, कारण यंदा पहिलीला एकाच मुलीची आशा होती. ती आली नाही तर पहिलीचा वर्ग नाही, आणि पुढे शाळाही नाही. पेडण्यातल्या मराठी शाळेला हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मी मन लावून दात मोजले. एका ॲपमध्ये काहीही दाबा, शाब्बासकीच! दुसऱ्यातली बाई पाढे म्हणायची ते मोपाच्या विमानतळावरून विमान सुटल्यासारखे. तिसरं मात्र गुणी निघालं. चूक झाली तर चूक म्हणायचं, आणि मुख्य म्हणजे नेटशिवाय चालायचं. आमच्या वर्गात रेंज मिळत नाही, त्यासाठी आवारातल्या आंब्याखाली जावं लागतं. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

पालकसभेला त्या मुलीचा बाप तिला घेऊन आला. मूळचा सिंधुदुर्गातला, राहायला धारगळला, नोकरी पणजीत कॅसिनोच्या बोटीवर वेटरची. हेडमास्तरांनी थाटात सभा आंब्याखाली भरवली आणि स्वतःच्या मोबाइलचं नेट टॅबला जोडून दिलं. मुलीने पडद्यावरचे काजू मोजले, बरोबर आले. मी खूश! तेवढ्यात पत्ते उधळत एक झगमगती बाई अवतरली: या, खेळा, जिंका! ती घालवायची फुली काही सापडेना. मेल्या ॲपला नेट मिळायचा अवकाश, की जाहिराती सुरू झाल्या.

मुलीचा हात धरून बाप ताडकन उठला. "टीचर, मी रातभर हेंच बघतंय. माझ्या चेडवान शाळेत येवन परत हेंच बघूचां?"

हेडमास्तर "तांत्रिक अडचण, तांत्रिक अडचण" असं पुटपुटत राहिले.

"टॅब नसलेली शाळा खंय असा, ती सांगा. थंय घालतंय तिका."

"हीच," मी म्हटलं, आणि हेडमास्तरांच्या देखत टॅब बंद करून पिशवीत कोंबला.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आणि शिकवतलो कोण?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, मी! मला काय इथे शोभेला बसवलंय?"

त्याने मुलीला माझ्याकडे पुढे केलं. "मगे ह्यां आधी नाय सांगूचां?"