इंदूचं मातीचं डोकं

आमच्या शेजारचे लटारूभाऊ मूल गावच्या राईस मिलमध्ये बॉयलरवर होते. जन्मभर भट्टीच्या तोंडात कोंडा ढकलला. काम सुटलं तेव्हा हातांना काही सुचेना, मग ते हात इंदूच्या चुलीपाशी आले. भाजीत मीठ किती, भात कधी उतरवायचा, डबे कोणत्या फळीवर, सगळं भाऊच सांगू लागले. इंदू म्हणजे त्यांची बायको, बोलायला तिखट. पण तिच्याआधी सून पुनम कंटाळली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी मातीकामाचा क्लास निघाला होता. तिने तिथे सासऱ्यांचं नाव घालून टाकलं.

मला हे काही उमगलं नाही. मडकी करायला शिकवतात का? नाही. गणपती? तेही नाही. मग काय, तर हाताला येईल ते. केलेल्याचं पुढे काय करायचं, असं मी पुनमला विचारलं. ती म्हणाली, काही नाही आजी, आवड म्हणून करायचं. आवड म्हणून मी आजवर फक्त चिंच खाल्ली आहे.

भाऊ आधी लाजत गेले, मग आंघोळ करून जाऊ लागले. शिकवणारी रंजीता, चंद्रपूरला शिकून आलेली मुलगी. तिने एक दिवस सगळ्यांना ओळखीच्या माणसाचा चेहरा करायला सांगितला. भाऊंना रोज दिसणारा चेहरा एकच. त्यांनी इंदू केली.

मी जाऊन बघून आले. नाक जरा वाकडं, पण ओठ अगदी तिचे, आता काहीतरी लागेल असं बोलणारे. कपाळावर गोंदण, मागे वर चढवलेला अंबाडा. लोक हात मागे बांधून उभे राहत आणि वा म्हणत. भाऊंना याची सवय नव्हती. बॉयलर नीट चालला तर त्याच्याकडे कोण बघतं? घरी येऊन त्यांनी सगळं इंदूला सांगितलं, आणि त्याच दमात सांगितलं की डोकं सुकलं की भट्टीत जाणार.

इंदूच्या हातातलं सूप थांबलं.

"मले भट्टीत घालता जी? जित्ती असताना?"

"तुले नाई. मातीले."

"तोंड कोणाचं हाय मंग?"



आमच्याकडे मातीच्या मूर्तीची रीत ठरलेली. गौर असो की गणपती, पुजायचा आणि पाण्यात शिरवायचा. पण जित्त्या बाईचं डोकं कोणत्या रीतीत बसवायचं? पुजावं तर गाव हसेल. पाण्यात सोडावं तर अस्थी सोडल्यासारखं. भट्टीत घालावं तर सरण. मोडून गोळा करावा तर भाऊ आपल्या हाताने बायकोच्या नाकावर मूठ कशी मारतील? बरं, नुसतं ठेवून द्यावं, तर रंजीता म्हणे तसंच भरीव सुकलं की तडकेल, कपाळातूनच भेग जाईल. कोणत्याही वाटेने गेलं तरी इंदू मरत होती, आणि इंदू तर माझ्यासमोर बसून वांगी चिरत होती.

ती भाऊंशी बोलेना. भाऊ जेवेनात. मिठाचंही काही सांगेनात, आणि त्यामुळे पुनम उलट घाबरली.

शनिवारी इंदू मला म्हणाली, चला बाई, मी माह्यं डोकं घरी आणतो. तडकलं तर तडकलं, घरच्या घरी तडकेल. आम्ही गेलो तर तिथे आणखी घोळ. रंजीता हातात तार घेऊन उभी. भरीव डोकं भट्टीत फुटतं म्हणे. म्हणून वरचा भाग तारेने कापायचा, आतली माती कोरून काढायची आणि टोपी परत चिकटवायची. जन्मभर आगीसमोर राहिलेला माणूस, पण भाऊ त्या तारेला हात लावेनात.

"काऊन थांबले जी?" इंदू म्हणाली. "कापा मॅडम, पाहू तरी काय हाय आत."

रंजीताने अंबाड्याच्या खालून तार ओढली. अंबाडा अलगद हातात आला. मी डोळे मिटले होते, ते उघडले. आत नुसती माती. रंजीताने ती कोरून काढली, आणि इंदू त्या पोकळीत बराच वेळ वाकून बघत राहिली. विहिरीत बघावं तशी.

"हे वरचं चिकटवाच लागते का?" तिने विचारलं.

रंजीता म्हणाली, तसं काही नाही, तुमची मर्जी.

"नका चिकटवू मंग. झाकण राहू द्या." मग ती भाऊंकडे वळली. "याले नीट काठ करा. हे आता गाडगं झालं. गाडगं तर भट्टीतच जाते. अन् नाक सरळ करा, माह्यं असं नाई."

भाऊंनी बोट ओलं करून काठ फिरवला, नाक सरळ केलं. नाक त्यांनी फारच हळू केलं. रंजीता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, म्हणजे त्या राजी झाल्या ना?" मी म्हटलं, मला विचारू नको माय, मी डोकं आणायला आले होते.

भट्टीच्या दिवशी इंदू स्वतः गेली. पदर तोंडाला लावून लांब उभी राहिली. डोकं निघालं ते लाल, न फुटलेलं, एका गालावर धुराचा डाग.

आता ते चुलीजवळच्या फळीवर असतं. त्यात मीठ भरलं आहे. परवा मी वाटीभर मीठ मागायला गेले. अंबाडा उचलला, तर इकडे इंदूचा हात आपोआप स्वतःच्या अंबाड्यावर गेला.

"दुखलं का गं?" मी विचारलं.

"मालूम नाई बाई," ती म्हणाली. "पण झाकण नीट लावजा."