वर चढणारं गिऱ्हाईक

मामांनी हात पुढे केला की समोरचा माणूस आपला हात आपसूक त्यांच्या उपरण्याखाली घाली. जनावरांच्या बाजारात तुम्हीही हे पाहिलं असेल. दोन माणसं एकमेकांकडे न बघता उभी असतात, उपरण्याखाली बोटं हलत असतात, आणि ज्याचा सौदा चाललाय तो बैल शेजारी निवांत रवंथ करत असतो. भाव बोटं दाबून सांगायचा आणि बोटं दाबूनच तोडायचा. तोंडानं आकडा काढायचा नाही, असा रिवाज.

पण मामांचं तोंड काही गप्प बसत नसे. "बोला, बोला," ते म्हणत. "बोलल्याबिगर कायी व्हत न्हाई."

"बोलायलोय की बोटांनी," समोरचा वैतागून म्हणे.

"मंग जरा मोठ्यानं बोला, ऐकू येईना!" आणि आजूबाजूचे हसत.

ते दलाल होते. सगळं ताडकळस गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही. माझं औषधांचं दुकान बाजाराच्या रस्त्यावरच. बाजार उठला की ते माझ्या बाकड्यावर टेकत, उपरण्यानं तोंड पुसत, आणि तांब्याभर पाणी एका दमात पिऊन त्या दिवसाचे सौदे सांगत. एकदा दोन साडू एका गायीवरून असे पेटले की एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. मामांनी दोघांना एकाच बाकावर बसवलं, एकच कप मागवला, आणि बशीतला चहा एकाला व कपातला दुसऱ्याला दिला. "आता भांडा," म्हणाले. दोघांनाही हसू आवरेना. गाय विकली गेली.

"भाव पाडावा," ते म्हणायचे, "पन इकनारा दावं सोडून घराकडं निघंल इतका पाडू ने."

त्यांना एकच लेक, शीतल. लहानपणी तिचा घसा सारखा धरायचा. मग गुडघे सुजले, ताप आला. कुणी म्हणालं वाढीचं दुखणं आहे, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. परभणीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली तोवर त्या तापानं हृदयाच्या झडपेला इजा केली होती. पुन्हा तसा ताप आला तर झडप आणखी बिघडेल, म्हणून दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, आणि ते कित्येक वर्षं. औषध जुनं आणि अगदी स्वस्त. मामा तेव्हा खूश होऊन म्हणाले होते, "लेकीचं नशीब हाय. महागाचं दुखनं लागलं असतं तर काय केलं असतं?"

स्वस्त असलं तरी ते इंजेक्शन फार दुखतं. सरकारी दवाखान्यातून बाहेर पडताना शीतल पाय ओढत चालायची. मामा तिच्या बाजूनं तितकंच हळू चालायचे. हाका मारणाऱ्यांना नुसता हात करायचे, थांबायचे नाहीत. ती कॉलेजात जायला लागली तरी हे चालूच होतं. लंगडण्याची लाज वाटते म्हणून ती बापाशी काहीतरी बोलत चाले, म्हणजे लोकांना वाटावं गप्पांमुळे पावलं मंद पडलीत.

एके दिवशी मामा नेहमीसारखे आले आणि मी म्हणालो, "मामा, शीतलच्या इंजेक्शनचा माल आला नाही."

"येईल की उद्या."

उद्याही आला नाही. परभणीच्या ठोक विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "कंपनीकडूनच येईना." दवाखान्यातला साठा आधीच संपला होता. हळूहळू मला कळलं ते मी मामांना सांगितलं. हे औषध गरजेचं, म्हणून सरकारनं त्याचा जास्तीत जास्त भाव ठरवून दिलाय. गरिबाला परवडावं म्हणूनच. पण ज्या कच्च्या मालापासून ते बनतं तो महागला. कंपन्या म्हणतात या भावात परवडत नाही, वाढवून द्या. सरकार म्हणतं हिशोब दाखवा. बोलणी चालू आहेत, आणि बोलणी चालू आहेत तोवर बनवणाऱ्यांनी हात आखडता घेतलाय.

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. आपल्याच धंद्यातली गोष्ट ऐकावी तसं.

"मंग मी जास्त देतो," ते म्हणाले.

"मला जास्त घेता येत नाही, मामा. छापील भावापेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे. आणि घेऊन तरी काय, माल कुठंय?"

"दुप्पट देतो."

"मामा..."

ते हसले. "आरं, जलमात पयल्यांदा गिऱ्हाईक वर चढायलंय आन् इकनारा न्हाई म्हनायलाय." मग हसू ओसरलं. "त्या दोघांच्या मधी दलाल न्हाई का कोनी?"

"तसं कुणी नसतं."

"तवाच तर अडलंय."

त्यांनी मला रिकाम्या खोक्यावरचा कंपनीचा नंबर लावायला लावला. फोन उचलला एका मुलीनं, ती हिंदीत बोलत होती. मामांनी फोन दोन्ही हातांत धरला. "बेटी, मैं परभनी जिले से बोल रहा हूँ. तुम्हारे मालिक को कितना होना, वो बोलो. सरकार कितना देती, वो भी बोलो. मैं बीच में बैठता." ती म्हणाली, तक्रार नोंदवून घेतली आहे. मामांनी तिला आशीर्वाद दिला, फोन माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "चांगल्या घरची हाय. पन तिच्या हातात कायी न्हाई."

दुसऱ्याच दिवशी ते नांदेडला गेले. दवाखान्यासमोरची दुकानं पालथी घातली. एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे दोन कुप्या निघाल्या. शीतलला एक लागली असती, दुसरी पुढच्या वेळेला. ते परतले त्या वेळी माझ्या दुकानात एक बाई बसली होती, पेडगावची. तिच्या मुलीलाही हेच दुखणं. कारखान्यावर ऊसतोडीला निघायचं होतं, त्याआधी इंजेक्शन मिळतंय का पाहायला ती दुकानं धुंडाळत इथवर आली होती. मी नाही म्हणून मान हलवत होतो तेवढ्यात मामा आत आले.

त्यांनी तिचं बोलणं ऐकलं. खिशातून एक कुपी काढली आणि तिच्या हातात ठेवली. बाई पदराची गाठ सोडायला लागली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पोरीला आधी टोचून घ्या, मंग गाडीत बसा."

ती गेल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तीन आठवड्यांत निघंलच की कायतरी. दोन्हीकडची मानसं शानी हायेत."

तीन आठवड्यांत काही निघालं नाही. मामा परळीला गेले, लातूरला गेले, हैदराबादला जाणाऱ्या एका ड्रायव्हरला सांगून पाहिलं. डॉक्टरांनी तोवर गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ चुकवायच्या नाहीत, आणि तरी त्या इंजेक्शनाइतक्या भरवशाच्या नाहीत, हे त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. शीतल मोबाइलमध्ये गजर लावून गोळ्या घ्यायची. मामा माझ्या बाकड्यावर बसायचे, पण सौदे सांगायचे नाहीत. एकदा म्हणाले, "कोंडवाड्यात जनावर गेलं तर दंड भरून सोडिवता येतं. ह्यो कसला कोंडवाडा हाय? दंड घेऊन दारात उभा हाय मी, अन् घेनारंच कोनी न्हाई."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

थंडीत शीतलचा घसा धरला. मग ताप, मग गुडघे, मग दोन पायऱ्या चढली तरी धाप. परभणीहून तिला संभाजीनगरला पाठवलं. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, तिथं कुणी काही कमी पडू दिलं नाही. तिची झडप काढून धातूची बसवली. मामांनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "हाय. लेक हाय."

पण ते बाजारात परत आले नाहीत. लोक विचारायचे, "मामा कुठंयत?" त्यांच्या जागी दुसरा दलाल उभा राहायला लागला. तो उपरणं वापरत नाही, मोबाइलवर आकडे टाइप करून दाखवतो.

उन्हाळा लागताना माझ्या दुकानात खोकं आलं. सरकारनं भाव वाढवून दिला होता आणि माल सुटला होता. तो ताप परत येऊ नये यासाठी झडप बदलल्यावरही शीतलला हे इंजेक्शन घ्यायचंच होतं, म्हणून दुकान बायकोवर सोपवून मी स्वतःच त्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पेडगावची मुलगी बरी आहे, तिची आई परवाच येऊन गेली, हेही सांगायचं होतं. ते ऐकून मामांचा चेहरा खरोखर उजळला.

"भाव ठरला म्हना," कुपी हातात घेऊन ते म्हणाले. "किती वाढला?"

मी सांगितलं. एका कुपीमागे एका चहाचे पैसे होतात, जवळपास तेवढेच.

मामा माझ्याकडे बघत राहिले. मी चुकीचं बोललो असेन असं त्यांना वाटलं असावं. "चहाचे?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान डोलावली.

त्यांनी शिवी दिली नाही. कुपी जपून कोनाड्यात ठेवली, आणि भिंतीला टेकून बसले. मी म्हणालो, "मामा, बाजारात या आता. लोक वाट बघायलेत."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आत खाटेवर शीतल झोपली होती. पंखा बंद होता, एवढ्या उन्हात. मला वाटलं वीज गेलीय. मग त्या शांततेत मला ऐकू आलं. लहान घड्याळ असावं तसं, टिक, टिक, टिक. धातूची झडप वाजते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कानांनी ऐकलं नव्हतं.

"बाजारात लय गलबला असतो," मामा हळू आवाजात म्हणाले. "तितं हे ऐकू येत न्हाई."

घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी मला हातानंच बसायची खूण केली, डोळे मिटले, आणि मान आतल्या खोलीकडे किंचित कलती करून ते ऐकत राहिले.