बाभळीवरच्या पिशव्या

आज पाइपलाइनसाठी कॉलनीतला सिमेंटचा रस्ता उकरला आणि ओल्या काळ्या मातीचा वास घरभर पसरला.

आम्ही राहायला आलो तेव्हा इथं नुसते शेतात पाडलेले प्लॉट होते. पावसाळ्यात बाबा बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून चिखल तुडवत जायचे, सडकेवरच्या बाभळीला त्या अडकवायचे आणि वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये चढायचे. सगळेच तसं करायचे.

एका संध्याकाळी बस परतली तेव्हा वाऱ्यानं सगळ्या पिशव्या उडाल्या होत्या. शेजारचे रशीदचाचा बाबांना म्हणाले, "बूट काढा भाऊ, अन् द्या हात. नाय तर दोघं बी आडवं होऊ."

मी ओट्यावरून बघत होते. जांभळ्या उजेडात, बूट काखेत धरून, हातात हात घालून ती सगळी बापमाणसं हसत, घसरत येत होती.

पुढं रस्ता गुळगुळीत झाला. बाबांनी पुन्हा कुणाचा हात धरलेला मला आठवत नाही.