शाल घालून बाहेर

मी निवृत्त झालोय हे मला फ्लेक्सवर वाचून कळलं.

फायनलचा दिवस होता, कामावर सुट्टी टाकली होती. चारला मॅच, म्हणून मी तीनलाच स्कूटर काढली आणि सावेडीतल्या घरून मैदानावर आलो. फाटकावर दोन बांबू रोवून ही एवढी मोठी पाटी लावलेली. वर माझा फोटो, तोही मेव्हणीच्या लग्नातला, कोट घातलेला, हातातली आइस्क्रीमची वाटी कापून टाकलेली. खाली लालभडक अक्षरांत लिहिलेलं, ‘प्रदीर्घ सेवेनंतर फुटबॉलमधून निवृत्तीनिमित्त भव्य सत्कार’. मी स्कूटर बंद न करताच तीनदा वाचलं. मुलीच्या पाठीमागे तिचं लग्न ठरवतात तसं माझ्या पाठीमागे माझं म्हातारपण ठरवलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. एमआयडीसीत लेथवर काम करतो, पहिली पाळी. चारला घरी येतो, चहा घेतो आणि पाचला मैदानावर असतो. सव्वीस वर्षं एकाच क्लबकडून स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, म्हणून जिल्ह्याच्या सिनियर लीगमध्ये खेळतोय. आमच्याकडे याच्या वर काही नाही, त्यामुळे आम्हाला हाच वर्ल्डकप. आणि मी संघात जुना माणूस म्हणून दयेवर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. या वर्षी आम्ही सगळ्या लीगमध्ये चार गोल खाल्ले. त्यातले दोन मी तापाने घरी पडलो होतो त्या एकाच मॅचमध्ये.

आता मी पळत नाही, हे खरंय. विशीतली पोरं माझ्या शेजारून वाऱ्यासारखी जातात. जाऊ देत. बॉल कुठे येणार हे त्यांच्या आधी मला कळतं आणि मी तिथे जाऊन उभा राहतो. समोरच्या फॉरवर्डचा डावा खांदा जरा खाली गेला की तो कुठे वळणार हे मला समजतं. विशीत मी पन्नास फूट पळून जो बॉल काढायचो तो आता दोन पावलांत काढतो. याला लोक म्हणतात, ‘काकांचं नशीब चांगलंय, बॉल बरोबर त्यांच्याकडेच येतो.’ नशीब म्हणे! त्या नशिबासाठी मी दहा वर्षं वडापावला हात लावलेला नाही. रोज सकाळी पाळीला जायच्या आधी गच्चीवर पाऊण तास गुडघ्याचे व्यायाम करतो. बायको म्हणते, एवढी सेवा माझ्या आईची केली असतीस तर तिने घर नावावर केलं असतं.

हे सगळं आमच्या सेक्रेटरीला ठाऊक नाही असं नाही. तो माझ्याच संघात राइट विंगला खेळायचा. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण तिशीतच पोट सुटलं आणि तो समितीत गेला. माणूस वाईट नाही, क्लब त्याच्याच धावपळीवर चालतो. पण त्याचे मोबाईलवरचे स्टेटस बघा! परदेशातला कुणी चाळिशीचा खेळाडू गोल करतो, की याचं स्टेटस तयार, ‘वय हा फक्त आकडा आहे’, पुढे तीन आगीची चित्रं. एकेचाळिशीचा गोलकीपर पेनल्टी अडवतो, की ‘सलाम या जिद्दीला’. त्यांचं शरीर बघा, त्यांची शिस्त बघा म्हणून आम्हाला प्रॅक्टिसला भाषणं देतो. आणि तेच वय घेऊन मी त्याच्यासमोर लंगोट कसून उभा राहिलो, की म्हणतो, ‘भाऊ, आता पोरांना चान्स द्यायला पाहिजे ना?’ पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

बरं, मी खेळायचं सोडतोय असं कधी बोललो? सेमी-फायनल जिंकल्यावर टपरीवर चहा पिताना मी एवढंच म्हटलं होतं, ‘गुडघा बोलायला लागलाय रे आता.’ त्रेचाळिशीत कोणाचा गुडघा बोलत नाही? त्याने ते वाक्य राजीनामा म्हणून घरी नेलं आणि फ्लेक्स छापायला टाकला.

फाटकाच्या आत मंडप होता. स्टेज, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, टेबलावर शाल, नारळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह. सेक्रेटरी नवा कुर्ता घालून धावत आला.

‘भाऊ, सरप्राईज!’ म्हणाला.

मी म्हटलं, ‘यादी कुठंय?’

तो हसला. ‘आज कसली यादी? आज तू सत्कारमूर्ती. पहिल्या रांगेत बसून मॅच बघायची.’

यादी कॅप्टनच्या हातात होती. आमचा कॅप्टन चोवीस वर्षांचा, कॉलेजात शिकवतो, गुणी आहे. मी हात पुढे केला तर त्याने मान खाली घालून कागद दिला. सेक्रेटरीच्या अक्षरात सोळा नावं. माझं नव्हतं. राखीव खेळाडूंमध्येसुद्धा नव्हतं.

‘दादा, मला वाटलं तुम्हीच सांगितलंय,’ कॅप्टन म्हणाला.

‘अरे, मी सांगितलं असतं तर शिनगार्ड बांधून आलो असतो का?’ मी पँट वर करून दाखवली.

सेक्रेटरीने मला बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं असं, की प्रमुख पाहुण्यांनी मंडप दिलाय. त्यांना पाचला शनिशिंगणापूरला पोचायचंय, म्हणून सत्कार मॅचच्या आधीच होणार. आणि निवृत्तीचा सत्कार घेतलेला माणूस पाच मिनिटांनी मैदानात पळायला लागला, तर पाहुण्यांचं काय राहिलं? लोक हसतील. ‘भाऊ, शालीला नाही म्हणायचं नसतं,’ तो अगदी कळवळून म्हणाला.

हीच तर गोम आहे. आपल्याकडे माणसाला ‘नीघ’ म्हणायची पद्धत नाही. आपण त्याला शाल घालतो. त्याच्या हातात नारळ दिला की त्या हातात दुसरं काही धरता येत नाही. नको म्हटलं तर तो उद्धट, गर्वाने फुगलेला, मोठ्यांचा अपमान करणारा. शिव्या देऊन काढलं असतं तर मी भांडलो असतो. शालीशी कसं भांडायचं? आणि ते प्रमुख पाहुणे कोण, तर एका साखर कारखान्याचे संचालक. वय शहात्तर. दोन माणसांनी काखेत धरून त्यांना स्टेजवर चढवलं. पुढच्या निवडणुकीला ते पुन्हा उभे आहेत, त्याचेही फ्लेक्स रस्ताभर लागलेत. त्यांना नाही कोणी शाल घालत!

शाल म्हटलं की मला एकच शाल आठवते. माझ्या वडिलांची. पप्पा मूळचे जामखेडकडचे. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इथे आले आणि याच क्लबकडून स्टॉपरलाच खेळले. ते अडतीस वर्षांचे असताना त्यांचा याच मैदानावर असाच सत्कार झाला होता. मी अकरा वर्षांचा होतो. पहिल्या रांगेत बसून मी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या, कारण माझ्या बापाचं नाव माइकवर घेत होते. घरी आल्यावर पप्पांनी बूट खिळ्याला टांगले आणि शाल लोखंडी ट्रंकेत ठेवली. ती शाल त्यांनी एकदाही अंगावर घेतली नाही. डिसेंबरात कुडकुडतील, पण गोधडी घेतील. मला वाटायचं, जपून ठेवलीय.

माइकवर माझं नाव पुकारलं. आणि मी गेलो. मला हे लिहायला लाज वाटते, पण मी गेलो. कंपनीत फोरमनशी तावातावाने भांडणारा मी, गपगुमान स्टेजवर चढलो. अंगात क्लबची जर्सी, पायात बूट, लाकडी स्टेजवर स्टडचा टकटक आवाज. सेक्रेटरीने सूत्रसंचालकाच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, ‘आणि ही शाल घालायला आम्ही एका खास माणसाला बोलावलंय!’

बाजूची कनात सरकली आणि पप्पा आले. सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. त्यांना गाडी पाठवून आणलं होतं, मुलाची फायनल आहे बघायला चला, एवढंच सांगून. फाटकावरचा फ्लेक्स त्यांनी पाहिला नव्हता. मोतीबिंदूमुळे त्यांना लांबचं वाचता येत नाही. ते माझ्याकडे बघून हसले. मग त्यांना टेबलावरचं सामान दिसलं, आणि त्यांचं हसू थांबलं.

सेक्रेटरीने घडी मोडून शाल त्यांच्या हातात दिली आणि माइक पुढे धरला. बापाचे दोन शब्द मिळावेत म्हणून.

पप्पांनी काठी टेबलाला टेकवून शाल हातात धरली. माझे बूट पाहिले. मग सेक्रेटरीला विचारलं, ‘मॅच कवा हाय?’

‘चारला, पप्पा. झाला हा कार्यक्रम की लगेच.’

‘मंग ह्यो हितं काय करतोय?’

माणसं हसली. सेक्रेटरीही हसला. ‘पप्पा, निवृत्ती आहे ना त्यांची.’

‘कोन म्हनलं?’ पप्पांनी माझ्याकडे मान वळवली. ‘तू म्हनला का?’

मी फक्त मान हलवली. नाही.

‘त्याला इचारलं व्हतं का तुमी?’ ते सेक्रेटरीला म्हणाले. आता माणसं हसत नव्हती. पप्पांनी शाल पुन्हा घडी केली, सावकाश, कोपऱ्याला कोपरा लावून. माइक अजून त्यांच्या तोंडाशीच होता, आणि मला वाटतं ते त्यांच्या ध्यानात नव्हतं.

‘मलाबी कुनी इचारलं न्हवतं,’ ते म्हणाले.

सगळ्या मैदानावर ते ऐकू गेलं. पाहुणे पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते, ते तसेच थांबले. पप्पांनी शाल काखेत मारली आणि मला म्हणाले, ‘जा की. उभा काय राहिलास?’

कॅप्टन स्टेजला टेकून उभा होता. त्याने सूत्रसंचालकाच्या खिशातलं पेन उपसलं, टेबलावर यादी ठेवली आणि पहिल्या अकरातलं एक नाव खोडून तिथे माझं घातलं. सेक्रेटरी ‘अरे, पण’ एवढंच म्हणाला. यादी रेफ्रीच्या हातात गेली तेव्हा चारला चार मिनिटं होती.

मॅचबद्दल फार सांगत नाही, नाहीतर म्हणाल फुशारकी मारतो. समोरचा सेंटर फॉरवर्ड बावीस वर्षांचा होता, त्याने पहिल्याच मिनिटाला माझ्या कानात विचारलं, ‘काका, सत्कार आटोपला का?’ त्यानंतर नव्वद मिनिटांत त्याने एकदाही आमच्या गोलकडे तोंड करून बॉल घेतला नाही. मी घेऊच दिला नाही. आयुष्यात एवढ्या रागाने मी कधी खेळलो नव्हतो. एकदा हेडरला उडालो आणि खाली येताना गुडघा खरोखरच बोलला, चांगला ओरडला, पण मी त्याला म्हटलं, गप बस, तुझ्यामुळेच हे सगळं झालंय. आम्ही एक-शून्यने जिंकलो.

कप घेऊन फोटो झाले. कपडे बदलता बदलता मोबाईल उघडला. सेक्रेटरीचं स्टेटस. माझा हेडरचा फोटो आणि खाली, ‘वय हा फक्त आकडा आहे’. तीन आगीची चित्रं. याला म्हणतात निर्लज्जपणा! मी तसाच उघडा त्याला शोधत बाहेर गेलो, चांगल्या चार शिव्या द्यायच्या होत्या. पण तो फाटकावर एकटाच स्टुलावर चढून फ्लेक्सच्या सुतळ्या सोडत होता, नव्या कुर्त्याला बांबूचा चिखल लागलेला. मला बघून म्हणाला, ‘भाऊ, जरा खालून धर ना.’ मी धरलं. शिव्या तोंडातच राहिल्या, त्याचा मला अजून राग येतो.

पप्पा मंडपातल्या एका खुर्चीवर बसून होते. बाकीच्या खुर्च्या उचलून टेम्पोत चालल्या होत्या. शाल त्यांच्या मांडीवर. मी त्यांच्यासमोर खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागलो. मनात विचार आला, सेक्रेटरीने मला विचारलं नाही म्हणून मी दुपारपासून जळतोय. आणि मी? त्यांच्या सत्काराला बत्तीस वर्षं झाली, मी याच माणसाच्या घरात राहतोय, त्यांच्यानंतर त्यांच्याच जागेवर खेळतोय. ती ट्रंक मी शंभरदा उघडली असेल. एकदा तरी विचारलं का?

‘पप्पा,’ मी म्हटलं, ‘तुम्हाला अजून किती खेळायचं होतं?’

ते लगेच म्हणाले. आठवावं लागलं नाही, हिशेब करावा लागला नाही.

‘दोन वर्सं,’ म्हणाले. ‘दोन वर्सं तर आरामात खेळलो असतो मी.’